नमुना क्रमांक १९ : नवे मूत्रपिंड आणि न हटणारा रक्तक्षय

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले आहे. लघवीचे प्रमाण उत्तम आहे, क्रिएटिनिन उतरले आहे, डायलिसिसचे यंत्र सुटले आहे. आणि तरीही दोन महिन्यांनी रुग्ण जिना चढताना धापा टाकू लागतो. हिमोग्लोबिन घसरलेले असते. रक्ताची पिशवी चढवली की काही दिवस बरे जातात, पुन्हा घसरण. कुठे रक्तस्राव नाही, लोहाची उणीव नाही, नवे मूत्रपिंड आपले काम चोख बजावत आहे. मग रक्त जाते कुठे?

रक्त कुठेच जात नसते. ते तयारच होत नसते. अशा रुग्णांपैकी काहींच्या अस्थिमज्जेत एक विलक्षण लहान विषाणू ठाण मांडून बसलेला असतो. आजचा धागा त्या विषाणूचा आहे. तो सापडला कसा, त्याचा रोग कोणता हे ठरायला इतकी वर्षे का लागली, आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांतच तो डॉक्टरांच्या नजरेतून इतक्या सहजी कसा निसटतो, हे पाहू. धागा थोडा लांब आहे. कथा तीन वेगवेगळ्या वाटांनी येऊन एका ठिकाणी मिळते, म्हणून सवडीने वाचावा.

पहिली वाट लंडनची. १९७०च्या दशकात रक्तपेढ्यांपुढचा मोठा प्रश्न होता हिपॅटायटिस बी या काविळीचा. दात्याच्या रक्तात तो विषाणू आहे की नाही हे ओळखणाऱ्या चाचण्या नव्या होत्या आणि त्या पारखून घेण्याचे काम लंडनमधील सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत चालू होते. इव्हॉन कोसार्ट या ऑस्ट्रेलियन विषाणुतज्ज्ञ तेथे काम करीत होत्या. चाचणी दिसायला साधी होती. जेलच्या पातळ थरात समोरासमोर दोन खळगे. एकात तपासायचे सीरम, दुसऱ्यात काविळीच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी. विजेचा प्रवाह सोडला की दोन्ही एकमेकांकडे सरकतात आणि जुळणी झाली तर मधोमध एक फिकट पांढरी रेघ उमटते.

'बी' नावाच्या नमुनासंचातील एकोणिसाव्या सीरमने अशी रेघ दिली. वास्तविक ती यायला नको होती, कारण अधिक नेमक्या चाचण्यांत त्याच सीरममध्ये काविळीचा विषाणू सापडत नव्हता. अशा निकालाला प्रयोगशाळेच्या भाषेत 'खोटा होकार' म्हणतात आणि बहुतेक वेळा तो वहीत नोंदवून लोक पुढच्या कामाला लागतात. कोसार्ट आणि त्यांचे सहकारी पुढे गेले नाहीत. प्रतिपिंडांसाठी जे मानवी सीरम वापरले होते, त्यात काविळीखेरीज आणखी कशाविरुद्धची तरी प्रतिपिंडे आहेत आणि रेघ त्यांच्यामुळे येते, हे त्यांनी ताडले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लहान लहान गोल कण दिसले, व्यासाने मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट. १९७५च्या आरंभी 'लॅन्सेट'मध्ये हे टिपण प्रसिद्ध झाले. लॅटिनमध्ये 'पार्व्हम' म्हणजे लहान. त्यावरून या कुळाला पार्व्होव्हायरस म्हणतात. आणि संचातील जागेवरून या विषाणूचे नाव पडले बी१९. रोगावरून नाही, गावावरून नाही, शोधणाऱ्यावरूनही नाही. नमुनासंचातल्या एका क्रमांकाचे नाव आजतागायत मिरवणारा असा विषाणू दुर्मीळच.

आता गंमत पाहा. वैद्यकाच्या इतिहासात सहसा रोग आधी ठाऊक असतो आणि जंतूचा शोध चालू असतो. येथे जंतू हाती आला होता, आणि तो कोणता रोग करतो हे कोणालाच सांगता येत नव्हते. तो निरोगी रक्तदात्यांतही सापडत होता. पुष्कळ प्रौढांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे होती, म्हणजे माणसाची आणि त्याची गाठ जुनी होती. पाच-सहा वर्षे तो असाच बिनकामाचा राहिला.

खरे तर त्याचे काम जुन्या नियतकालिकांत आधीच नोंदले गेले होते, फक्त वेगवेगळ्या नावांनी. नॉर्वेचे पॉल ओव्रेन यांनी १९४८ साली एका कुटुंबाची हकीकत लिहिली. या घराण्यात तांबड्या पेशी लवकर फुटण्याचा आनुवंशिक दोष होता आणि थोड्या दिवसांच्या अंतराने घरातील अनेकांचे रक्त एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत उतरले. तोवर समज असा, की अशा वेळी पेशी नेहमीहून जोराने फुटतात. ओव्रेन यांनी अस्थिमज्जा तपासली आणि दाखवले की फुटणे वाढलेले नाही, उत्पादनच थांबले आहे. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या कोनराड गासर यांनी मुलांमधील अशाच अचानक थांबलेल्या उत्पादनाचे वर्णन केले. अशा मज्जेत आढळणाऱ्या राक्षसी आकाराच्या अपक्व पेशींचा अर्थ तेव्हा कोणालाही लागणार नव्हता. आज त्या पेशी दिसल्या की रक्तविकारतज्ज्ञाच्या मनात पहिला संशय बी१९चा येतो.

आणि याहून जुनी नोंद म्हणजे लहान मुलांच्या गालांवर उमटणारा लाल पुरळ, जणू कोणी थोबाडीत मारली आहे असा. १८८९ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथील आंटोन चामर यांनी तो वर्णिला. पुढे १९०५ साली मुलांच्या पुरळरोगांची क्रमवारी लावली गेली, तेव्हा गोवर, लाल ताप, जर्मन गोवर आणि एक चौथा यांच्यानंतर याचा पाचवा क्रमांक लागला. म्हणून इंग्रजी पुस्तकांत त्याला आजही 'पाचवा रोग' म्हणतात. (यादीतला चौथा रोग आज स्वतंत्र मानला जात नाही, पाचव्याचा क्रमांक मात्र सुटला नाही.)

हे धागे १९८१ साली जुळू लागले. लंडनमध्ये जॉन पॅटिसन आणि सहकाऱ्यांना सिकलसेल असलेल्या मुलांच्या सीरममध्ये बी१९ सापडला. या सगळ्या मुलांचे रक्त नुकतेच अचानक उतरलेले होते. त्याच वर्षी जमैकातून ग्रॅहम सर्जंट यांच्या गटाने सिकलसेलच्या रुग्णांतील अशाच एका साथीमागे हाच विषाणू असल्याचे दाखवले. विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात किंवा खानदेशात नंदुरबारकडे सिकलसेल घरोघर ठाऊक आहे. तेथील रुग्णांसाठीही हा विषाणू तितकाच घातक ठरू शकतो. १९८३ साली गालांच्या पुरळाचे कारणही बी१९च, हे सिद्ध झाले. पुढे इंग्लंडमध्ये काही निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात विषाणूचे थेंब सोडून त्यांचे रक्त रोज तपासण्यात आले. आजच्या नीतिसमितीपुढे अशा प्रयोगाला किती प्रश्न विचारले जातील, याची कल्पना करावी. पण त्यातून रोगाचा क्रम दिवसांच्या हिशेबाने हाती आला.

हा क्रम नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी ताप, अंगदुखी. रक्तात विषाणू अफाट संख्येने. लगेच त्यानंतर रक्तातील कोवळ्या तांबड्या पेशी, ज्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात, त्या जवळजवळ नाहीशा होतात. मग शरीर प्रतिपिंडे तयार करते, विषाणू हटतो, मज्जा पुन्हा कामाला लागते. आणि पुरळ व सांधेदुखी येतात ती तिसऱ्या आठवड्यात, प्रतिपिंडे आल्यानंतर. म्हणजे ज्या लक्षणांवरून आपण हा रोग ओळखतो, ती विषाणूने केलेली नसतात. ती आपल्याच प्रतिकारशक्तीच्या प्रत्युत्तराची खूण असते.

आता थोडा हिशेब. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे रोज साधारण १२० पैकी एक पेशी मरते आणि तिची जागा नवी घेते. निरोगी माणसाचे उत्पादन दहा दिवस बंद पडले, तर बाराव्या हिश्श्याएवढी घट होईल. हिमोग्लोबिन १४ असेल तर ते १३च्या खाली जेमतेम जाईल आणि त्या माणसाला कळणारही नाही. सिकलसेलमध्ये पेशीचे आयुष्यच १० ते २० दिवसांचे. तेथे दहा दिवसांची टाळेबंदी म्हणजे अर्धे रक्त गेले. पण तिसरीही एक शक्यता आहे. पेशींचे आयुष्य अगदी सामान्य, मात्र टाळेबंदी दहा दिवसांत उठतच नाही. दोन महिने, सहा महिने, वर्षभर चालते. कारण ती उठवणारी प्रतिपिंडे येतच नाहीत. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णाचे असेच होते.

येथे आपण दुसऱ्या वाटेवर येतो, ती बोस्टनची. २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक यांचे मूत्रपिंड त्यांचे जुळे भाऊ रिचर्ड यांना बसवले. भाऊ एकरूप जुळे असल्याने रिचर्ड यांच्या शरीराला नवे मूत्रपिंड परके वाटले नाही. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध द्यावे लागले नाही, आणि म्हणूनच आपण पाहत असलेला रक्तक्षय त्या पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणात दीर्घकाळ रेंगाळण्याची शक्यता फारशी नव्हती. सगळ्यांना जुळा भाऊ नसतो. १९६०च्या दशकारंभी ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने परक्याचे मूत्रपिंड टिकू लागले. १९७८ साली केंब्रिजमध्ये रॉय काल्न यांनी बुरशीपासून मिळवलेले सायक्लोस्पोरिन रुग्णांना दिले, १९८३ साली अमेरिकेत त्याला परवाना मिळाला, आणि प्रत्यारोपण हा धाडसी प्रयोग न राहता नित्याचा उपचार बनला. १९९०च्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट आले. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले, ते याच प्रवासातले.

ही औषधे नव्या मूत्रपिंडाला वाचवतात ती पहारेकऱ्याला गुंगी देऊन. गुंगीतला पहारेकरी परक्या मूत्रपिंडावर धावून जात नाही, आणि बी१९ आला तरी उठत नाही. विषाणू माणसाइतकाच जुना असेल. त्याने केलेला हा चिवट, महिनोन्महिने चालणारा रक्तक्षय मात्र मोठ्या संख्येने दिसू लागला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आपणच निर्माण केलेल्या शरीरस्थितीत.

तिसरी वाट शिकागोची, आणि माझ्या मते सर्वांत सुंदर. मूत्रपिंडाचा आणि रक्ताचा संबंध काय? निकामी मूत्रपिंडाचे रुग्ण पांढरेफटक का दिसतात? शिकागो विद्यापीठातील लिऑन जेकबसन, यूजीन गोल्डवॉसर आणि सहकाऱ्यांनी १९५७ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की अस्थिमज्जेला 'तांबड्या पेशी तयार करा' हा निरोप पाठवणारे संप्रेरक मूत्रपिंडात तयार होते. त्याचे नाव एरिथ्रोपोएटिन. ते शुद्ध स्वरूपात मिळवायला गोल्डवॉसर यांना आणखी वीस वर्षे लागली. जपानचे ताकाजी मियाके यांनी मज्जा निकामी झालेल्या रुग्णांचे तब्बल २,५५० लिटर मूत्र जमवून, आटवून, अमेरिकेत आणले आणि त्यातून १९७७ साली काही मिलिग्रॅम संप्रेरक हाती आले. पुढे जनुकतंत्राने ते कारखान्यात बनू लागले आणि १९८९ साली डायलिसिसच्या रुग्णांसाठी औषध म्हणून मंजूर झाले.

म्हणूनच यशस्वी प्रत्यारोपणानंतर रक्त वाढायलाच हवे: नवे मूत्रपिंड आले, निरोप पुन्हा सुरू झाला. बी१९च्या रुग्णात एरिथ्रोपोएटिन मोजले तर ते कमी नसते, उलट भरपूर असते. मूत्रपिंड जीव तोडून निरोप धाडते आहे, आणि मज्जेतील ज्या पूर्वज पेशींनी तो ऐकायचा, त्यांनाच विषाणू मारतो आहे. त्याला या पेशीच का हव्यात, याचे उत्तर १९९३ साली केव्हिन ब्राउन यांच्या गटाने दिले: तांबड्या पेशींच्या कुळात विपुल असणारा 'पी' रक्तगटाचा रेणू हे विषाणूचे प्रवेशद्वार. हा रक्तगट लँडस्टायनर आणि लेव्हिन यांनी १९२७ सालीच शोधला होता. ज्या अत्यल्प लोकांत हा रेणू जन्मतःच नसतो, त्यांना बी१९ची बाधा होत नाही. आणखी एक नोंद: प्रयोगशाळेत मज्जेच्या पेशींत हा विषाणू वाढवायचा असेल तर एरिथ्रोपोएटिन घालावे लागते. म्हणजे अशा रुग्णाला त्या संप्रेरकाची इंजेक्शने वाढवून देत राहण्याने विषाणूला आयतेच रान मिळू शकते.

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या बी१९ संसर्गाची नोंद १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. त्याच सुमारास अमेरिकेत बेथेस्डा येथे नील यंग आणि गॅरी कर्टझमन यांनी, जन्मतःच प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या एका रुग्णात हा विषाणू दीर्घकाळ टिकून मज्जा बंद पाडतो, हे १९८७ साली सिद्ध केले. १९८९ साली त्यांनी दहा वर्षे रक्तक्षय भोगणाऱ्या एका रुग्णाची हकीकत छापली. दहा वर्षे रक्ताच्या पिशव्यांवर काढलेला हा माणूस एका उपचाराने बरा झाला. उपचार होता इम्युनोग्लोब्युलिन: हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे. बहुतांश समाजाला बी१९ होऊन गेलेला असल्याने त्या मिश्रणात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपोआपच असतात. रुग्णाचे शरीर जे करू शकत नव्हते, ते इतरांच्या जुन्या आजारपणांनी करून दिले.

मग हे सारे कळल्यावरही निदान का चुकत राहिले? स्वयंसेवकांचा तो क्रम आठवा. पुरळ आणि सांधेदुखी प्रतिपिंडांमुळे येतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णात ती प्रतिपिंडे पुरेशी बनत नाहीत, म्हणून बहुधा पुरळ उठत नाही. आणि नेहमीची रक्तचाचणी शोधते तरी काय? प्रतिपिंडेच. ज्याच्या शरीरात विषाणू सर्वाधिक, त्याच्याच चाचणीचा निकाल 'नाही' येऊ शकतो. २००६ साली मेयो क्लिनिकशी संबंधित डॉक्टरांनी प्रत्यारोपणाच्या ९८ रुग्णांच्या हकीकती एकत्र करून तपासल्या. रक्तक्षय जवळपास सर्वांना होता, पण प्रतिपिंडांची चाचणी अनेकांत नकारार्थी होती. विषाणूचा डीएनए थेट शोधणारी पीसीआर चाचणी हाच खरा मार्ग ठरला.

त्यात संशयितांची रांगही मोठी. ॲझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेट मज्जा दाबू शकतात. संसर्ग टाळण्यासाठी दिलेली काही औषधेही तेच करतात. नव्या मूत्रपिंडाचा अस्वीकार सुरू झाला असेल, शस्त्रक्रियेत रक्त गेले असेल, लोह कमी पडले असेल. यांतील प्रत्येक कारण बी१९हून अधिक वेळा आढळते, त्यामुळे डॉक्टर आधी तिकडे पाहतात, आणि ते योग्यच आहे. चूक होते ती रेटिक्युलोसाइटची मोजणी न केल्याने. हा आकडा शून्याच्या जवळ असेल, तर कारखाना बंद आहे हे एका स्वस्त चाचणीत कळते.

तोवर चढवलेल्या प्रत्येक पिशवीची किंमत असते. दात्याच्या रक्तातील परक्या पेशींमुळे रुग्णाच्या शरीरात अशी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात, की जी पुढे रोपित मूत्रपिंडावरच उलटतात किंवा दुसरे मूत्रपिंड मिळणे अवघड करतात. विषाणूला हटवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावीत, तर अस्वीकाराचा धोका. न करावीत, तर रक्तक्षय. बहुतेक केंद्रे दोन्ही थोडे थोडे करतात: औषधे बेताने उतरवायची आणि शरीराच्या किलोमागे एकूण सुमारे २ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन काही दिवसांत विभागून शिरेतून द्यायचे. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. ज्या घराने प्रत्यारोपणासाठीच दागिने मोडलेले असतात, त्याला हा आकडा काय म्हणतो, हे वेगळे सांगायला नको. अनेकांचे रक्त काही आठवड्यांत वर येते. काहींत विषाणू पूर्ण जात नाही आणि महिन्यांनंतर सारे पुन्हा सुरू होते.

बी१९वर नेमके मारा करणारे मंजूर औषध अद्याप नाही. लसही नाही. एक लस स्वयंसेवकांपर्यंत पोहोचली होती, परंतु काहींच्या त्वचेवर अनपेक्षित पुरळ उठल्याने ती चाचणी थांबवण्यात आली. त्याचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला.

विषाणूला बाहेरचे स्निग्ध आवरण नाही, त्यामुळे प्लाझ्मा शुद्ध करण्याच्या काही रासायनिक पद्धतींना तो दाद देत नाही. म्हणून आता प्लाझ्मापासून औषधे बनवणारे कारखाने हजारो दात्यांच्या एकत्र साठ्यात बी१९चा डीएनए मोजतात आणि ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक निघाला तर तो साठा बाजूला काढतात. उरलेल्या साठ्यातून विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे कुप्यांत भरली जातात आणि प्रत्यारोपण विभागांकडे रवाना होतात.